उजव्या कानातली रिंग आणि डाव्या बाजूचा सुळा

केस म्हणून बघितली तर नवीन काही नाही. वरचा सुळा टाळूच्या बाजूला अडकलेला, तारा लावून ओढून जागेवर आणला. ऑर्थोवाल्यांना, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, हे रोजचंच. खरं ही पोरगी माझ्याकडं सुळ्यासाठी आलीच नव्हती, जबड्यात गाठ आहे म्हणून घरातली सगळी रडत आली होती, आणि ती गाठ कुठनं आली, सुळा कुठं गेला आणि त्यात माझी स्वतःची चूक कुठं होती हे सगळं एका ओपीजीवर, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणाऱ्या मोठ्या एक्स-रेवर, एकावर एक बसलेलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, मी ऑर्थोडॉन्टिस्ट नाही. खानापुरात साधी दातांची प्रॅक्टिस आहे, सिमेंट भरा, रूट कॅनल करा, कवळी बसवा. ऑर्थोचे डॉक्टर बेळगावहून दर गुरुवारी येतात. माझ्याकडं एकदोन दातांचा छोटा एक्स-रे काढायचं मशीन आहे, ज्याला आम्ही आयओपीए म्हणतो, ओपीजीचं नाही. ओपीजी लागला की पेशंटला बेळगावला पाठवायचं, आणि बेळगाव इथनं २५ किलोमीटरच्या आसपास असलं तरी जांबोटीच्या अलीकडल्या-पलीकडल्या गावातल्या माणसाला तो सगळा दिवस जातो. आधी खानापूर, मग बेळगाव, मग तिथनं सिटी बस नाहीतर रिक्षा, आणि परत येताना शेवटची गाडी चुकू नये म्हणून पळापळ. हे आधी सांगायचं कारण, "परत एकदा काढून आणा" हे चार शब्द आम्ही किती सहज म्हणतो आणि समोरच्याला ते केवढ्याला पडतात ते या केसमध्ये मला नीट कळलं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर फोटो आला. प्लास्टिकच्या कव्हरमधली फिल्म कोणीतरी हातात धरलेली, वर घरातली ट्यूबलाईट, आणि त्या ट्यूबलाईटची पांढरी पट्टी बरोब्बर वरच्या पुढच्या दातांवरनं गेलेली. खाली आईचा व्हॉइस मेसेज, "मॅडम, पोरीच्या जबड्यात गाठ हाय म्हणालेत, मोठ्या दवाखान्याला दाखवा म्हणालेत, आमाला काय कळंना झालंय, तुमी एकदा बघा की." मी म्हटलं अक्का, फोटोवर काही सांगत नाही, सकाळी पोरीला घेऊन या, फिल्म घेऊन या, आणि रात्री मोबाईलवर काही शोधत बसू नका. अर्थात ते शोधून झालं होतं.

सकाळी नऊच्या आधीच दारात. पोरगी १२ वर्षं ८ महिन्यांची, सातवीतली, आई, वडील आणि आज्जी. फिल्मबरोबर एका चिठ्ठीवर कोणीतरी इंग्रजीत दोन ओळी लिहून दिलेल्या, की डाव्या बाजूला वरच्या जबड्यात पांढरा ठिपका दिसतोय, ओडोन्टोम असू शकतो, तपासून घ्या. आता ओडोन्टोम म्हणजे दाताच्याच मटेरियलची वेडीवाकडी गाठ, कॅन्सरबिन्सर काही नसतो, काढून टाकली की विषय संपतो, आणि कधीकधी ती वाटेत बसल्यामुळं दात अडकतो हेही खरं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं अगदीच हवेत लिहिलं नव्हतं. खरं त्या शब्दाचा शेवट "ओम" आणि ट्यूमर हा शब्द शोधताना शेजारी सापडतो, झालं, घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती.

मुळात ओपीजी काढायला का गेले होते? तर उजव्या बाजूचा सुळा सहा महिन्यांपूर्वी आला, डाव्या बाजूचा दुधाचाच दात अजून बसलेला, हलत सुद्धा नाही, आणि पुढचे दात जरा वाकडे. गावातल्या कोणाच्या तरी पोराला तारा लावल्या होत्या, त्यांनी सांगितलं की आधी "पूर्ण तोंडाचा एक्स-रे" लागतोच, काढूनच जावा. म्हणून डॉक्टरला दाखवायच्या आधीच परस्पर जाऊन काढून आले. कुणी तोंडात बघितलेलं नाही, कुणी कशासाठी काढायचा ते लिहून दिलेलं नाही. ही पद्धत हल्ली फार बघायला मिळते आणि मला ती अजिबात पटत नाही.

मी फिल्म लाईटबॉक्सवर लावायच्या आधी पोरीला खुर्चीत बसवलं. हे मी काही फार शहाणपणानं केलं असं नाही, लाईटबॉक्सचा स्विच बिघडला होता आणि असिस्टंट तो ठोकत बसली होती. पण त्या दोन मिनिटांत तोंडात जे दिसलं त्यानंच अर्धी केस सुटली. डावीकडं दुधाचा सुळा घट्ट. त्याच्या शेजारचा पटाशीचा बाजूचा दात, आमच्या नंबरात २२, तो उजवीकडल्या जोडीदारापेक्षा थोडा बारीक आणि वरचा भाग किंचित आत कललेला. ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरनं बोट फिरवलं, तर जो फुगवटा लागायला पाहिजे तो नाही, सपाट. मग आतनं टाळूवर बोट फिरवलं तर २२ च्या मागं एक टणक उंचवटा. वरचा सुळा साधारण ११ ते १२ वर्षांत येतो, आणि यायच्या दोनेक वर्षं आधीपासून, म्हणजे नऊ-दहाव्या वर्षापासून, त्याचा फुगवटा ओठाच्या बाजूला बोटाला लागायला हवा. लागत नसेल, आणि त्यातनं एका बाजूला लागतोय आणि दुसऱ्या बाजूला नाही असं असेल, तर घंटा वाजायला पाहिजे. शेजारचा दात बारीक असला की टाळूत सुळा अडकायचं प्रमाण जास्त असतं, हेही पुस्तकात आहे.

इथं माझी चूक. रजिस्टर काढून बघितलं तर ही पोरगी मी आधी तपासलेली निघाली. शाळेच्या शिबिरात, साडेनऊ वर्षांची असताना. नंतर दवाखान्यात येऊन तिच्या खालच्या दाढेत मी सिमेंट भरलेलं. कार्डावर माझ्याच अक्षरात, "दाढ किडलेली, भरली, ब्रश करणे." सुळ्याबद्दल एक अक्षर नाही. बोट फिरवायला दहा सेकंद लागतात आणि मी ते फिरवलं नव्हतं. त्या वयात फुगवटा नसताच तर सहा महिन्यांनी परत बोलावलं असतं आणि पुढचं बरंच टळलं असतं, निदान टळायची शक्यता होती. हे मी आईला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "तवा आमी दाढंसाठी आलेलो की ओ." तिनं माफ केलं, तरी ते कार्ड मी अजून ड्रॉवरमध्ये वरच ठेवलंय.

मग फिल्म. लाईटबॉक्स एकदाचा लागला. खालच्या पुढच्या दातांची मुळं धूसर, दातांची रांग हसल्यासारखी वर चढलेली, म्हणजे हनुवटी खाली गेलेली. वरच्या दातांच्या मुळांच्या टोकांवरनं एक काळा पट्टा आडवा गेलेला, म्हणजे जीभ टाळूला लागलेली नव्हती आणि मधली हवा काळी उमटलेली, त्यात २२ चं टोक पूर्ण बुडालेलं. वाचणारा म्हणू शकला असता की मूळ खाल्लं गेलंय. आणि डावीकडं वरच्या दाढांच्या मुळांच्या वर, सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळीच्या जागी, तो प्रसिद्ध पांढरा ठिपका. गोलसर, कडा पसरलेल्या, मध्ये थोडा फिकट.

मी उजव्या बाजूला बघितलं. कानाच्या पाळीच्या जागी एक स्पष्ट, कडक, पांढरीशुभ्र रिंग.

"बाळ, एक्स-रे काढताना कानात रिंगा होत्या का?"

पोरगी म्हणाली, "एकच होती. डावीकडची निघाली, उजवीकडची निघेना. सोनारानं लय घट्ट बसवलीय. ते म्हणाले एकच हाय ना, राहू दे."

झालं, गाठ सापडली. पूर्ण वजन एक ग्रॅम सुद्धा नसेल.

हे कसं होतं ते जरा सांगते, कारण ओपीजी बघणाऱ्या कुणाचीही इथं फसगत होऊ शकते. साधा एक्स-रे म्हणजे एक क्षण, एक सावली. ओपीजीत मशीनचा हात डोक्याभोवती फिरतो, एका टोकाला किरणं सोडणारी ट्यूब, समोर ती पकडणारा सेन्सर, १२ ते २० सेकंद लागतात, आणि त्या फिरण्याचा हिशोब असा बसवलेला असतो की घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी तेवढी स्पष्ट यावी आणि बाकीचं पुसट व्हावं. फिनलंडच्या पाटेरो नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती बसवली, १९६१ पासून ती मशीनं बाजारात आहेत, आता फिल्म जाऊन सेन्सर आले, तत्त्व तेच. जबडा त्या पट्टीत नीट बसवला की चित्र चांगलं येतं. पण कानातली रिंग एकदा सेन्सरच्या बाजूनं पकडली जाते, तेव्हा ती जागच्या जागी स्पष्ट उमटते, आणि हात फिरून ट्यूब तिच्या बाजूला आली की तीच रिंग परत पकडली जाते, ह्या वेळी समोरच्या बाजूला, मोठी होऊन, पुसट होऊन, आणि थोडी वर, कारण किरणं खालनं वर अशी तिरपी जातात. ह्याला घोस्ट इमेज म्हणतात, भूत. दोन्ही कानांत रिंगा असत्या तर दोन्ही बाजूंना दोन भुतं दिसली असती आणि कुणीही ओळखलं असतं. एकच काढली आणि एकच राहिली, म्हणून भूतही एकाच बाजूला, आणि त्याच बाजूचा सुळा आलेला नाही. योगायोग बघा.

आज्जीला मी सांगितलं की ही गाठ नाही, रिंगचं भूत आहे. मी आपलं गमतीत म्हटलं, आज्जीनं हात जोडले आणि पोरीवरनं मीठ-मिरच्या उतरवायचं ठरवून टाकलं. शब्द जपून वापरावा.

जीभ का खाली राहिली त्याचीही गंमत. टेक्निशियननं कानडीत सांगितलेलं, "नालिगे मेले." पोरगी मराठी शाळेतली, तरी कानडी विषय आहेच, नालिगे म्हणजे जीभ, मेले म्हणजे वर, हे तिला पक्कं माहीत. फक्त वर म्हणजे कशाच्या वर? तोंडात चावायला दिलेली ती प्लास्टिकची काडी होती, तिनं जीभ त्या काडीच्या वर ठेवली. आणि १५ सेकंद अगदी शहाण्यासारखी हलली नाही. आता यात भाषेचा वाद काही नाही, मराठीत "जीभ वर लाव" म्हटलं असतं तरी तिनं तेच केलं असतं. मी तेव्हापासून पोरांना सांगते, लिमलेटची गोळी टाळूला चिकटवून चोखतोस ना, तशी जीभ धर, मशीन थांबेपर्यंत गोळी पडू द्यायची नाही. मोठ्यांना सांगते, एकदा आवंढा गिळा आणि जीभ तिथंच चिकटवून ठेवा.

आता मुद्दा, परत ओपीजी काढायचा का. आईचं म्हणणं सरळ होतं, "परत किरणं कशाला मॅडम, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय." वडील गप्प, खरं ते मनात गाडीभाडं मोजत होते हे दिसत होतं. मी आकडा सांगितला. एका ओपीजीचा डोस साधारण १५ ते २५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) असतो, आणि आपल्याला जमिनीतनं, आकाशातनं, खाण्यातनं काही न करता जगाच्या सरासरीनं वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळत असतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. म्हणजे एक ओपीजी म्हणजे घरी बसून दोन ते चार दिवस. हे ऐकून आई जरा सैल झाली. पण हे दुसऱ्या बाजूनंही ऐकायला पाहिजे, थोडा डोस आहे म्हणून कुणीही उठून परस्पर काढून यायचा नसतो, पोरांच्या बाबतीत तर नाहीच, प्रत्येक वेळी "ह्यातनं मला काय कळणार आहे जे बोटाला कळलं नाही" हे डॉक्टरनं स्वतःला विचारायला पाहिजे. इथं उत्तर होतं. सुळ्याचं टोक नेमकं कुठं, २२ च्या मुळाला काय झालंय, बाकी सगळे दात आहेत का, आणि ती गाठ खरंच नाही ना. माझी खात्री होती, पण खात्री म्हणजे पुरावा नाही.

रिंग काढायला खानापूरच्या बाजारात सोनाराकडं गेले. त्यानं पकडीनं अर्ध्या मिनिटात काढली आणि पैसे घेतले नाहीत. या वेळी मी चिठ्ठी लिहून दिली, कशासाठी पाहिजे, काय बघायचंय, कानातलं-नाकातलं-केसांतल्या पिना काढून, हनुवटी आडवी, जीभ टाळूला. आणि प्रिंटबरोबर सॉफ्ट कॉपी पण द्या. प्रिंटवर बारीक गोष्टी जातात, आणि व्हॉट्सअॅपवर फोटोचा फोटो काढून पाठवलेल्या ओपीजीवर मी आता काही बोलतच नाही. पोरीनं येऊन सांगितलं की ह्या वेळी गोळी पडली नाही.

दुसरी ओपीजी चांगली आली. ठिपका गायब. सायनस स्वच्छ काळा. आईला स्क्रीनसमोर उभं करून दोन्ही फिल्म शेजारी शेजारी दाखवल्या, तेव्हा कुठं तिचा श्वास खाली बसला. मग पोरीबरोबर दात मोजले, आलेले, न आलेले, अक्कलदाढांच्या नुसत्या टोप्या तयार होत होत्या त्या पण. ओपीजीचं खरं काम हे आहे, हजेरी घेणं. कोण आलंय, कोण वाटेत आहे, कोण भरकटलंय, कोण जन्मालाच आलेलं नाही. मी म्हटलं, "तेवीस अडकलाय." आई दचकली, "तेवीसच दात हाईत व्हय?" तर नाही, आमच्यात वरच्या डाव्या बाजूला दोन आकडा आणि मधल्या रेषेपासून तिसरा दात म्हणून दोन-तीन, २३. आम्ही लोक हे पेशंटसमोर बोलतो आणि घरी जाऊन त्याचं काय होतं ते आम्हाला कळत नाही.

२३ तिरका, टोक २२ च्या मुळावर चढलेलं, मुळाच्या अर्ध्या रुंदीच्याही पुढं. दुधाच्या सुळ्याचं मूळ जवळजवळ आहे तसं, झिजलेलं नाही, कारण वरनं ढकलणाराच वाट सोडून गेलेला. आणि एक बारीक खूण, २३ चा डोक्याचा भाग उजवीकडल्या १३ पेक्षा मोठा आणि फुगलेला दिसत होता. टाळूच्या बाजूची वस्तू सेन्सरपासून लांब आणि ट्यूबच्या जवळ पडते, म्हणून ती मोठी येते. नुसत्या ह्यावर पैज लावू नये, पण बोटानं सांगितलेल्या गोष्टीला दुजोरा मिळाला.

पक्कं करायला माझ्याच मशीनवर दोन छोटे एक्स-रे घेतले, एक सरळ, दुसरा ट्यूब मागच्या दाढांकडं सरकवून. जो दात ट्यूबच्या दिशेनंच सरकलेला दिसतो तो आत, टाळूकडं, आणि जो उलट दिशेनं सरकतो तो ओठाकडं. शंभर वर्षांपेक्षा जुनी युक्ती, क्लार्क यांची, आणि अजून फुकट चालते. बसमध्ये बसल्यावर जवळची झाडं मागं पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसंच. सुळा डोंगरासारखा ट्यूबबरोबर गेला. टाळूतच.

गुरुवारी ऑर्थोच्या सरांना दाखवलं. इथं दोघांचं थोडं वाजलं. माझं म्हणणं, दुधाचा सुळा काढू, जागा करू, आणि वाट बघू. एरिक्सन आणि कुरोल ह्यांचा १९८८ चा अभ्यास आहे, १० ते १३ वयाच्या पोरांत दुधाचा सुळा नुसता काढल्यावर टाळूत भरकटलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्के आपोआप वाटेवर आले. सर म्हणाले, पुढचं वाच. टोक शेजारच्या दाताच्या मधल्या रेषेच्या अलीकडं असेल तर ९१ टक्के, रेषा ओलांडली असेल तर ६४. हिची ओलांडलीय आणि वय संपत आलंय. आणि त्याहून महत्त्वाचं, २२ च्या मुळाच्या कडेला छोट्या एक्स-रेवर मला जे धूसर दिसतंय ते काय आहे ते आधी सांग. मला सांगता येईना. ओपीजीवर ते दिसणारच नव्हतं, पुढच्या दातांपाशी ती पट्टी सगळ्यात अरुंद असते, वर मानेच्या मणक्यांची सावली येऊन पडते, आणि मूळ जर ओठाच्या किंवा टाळूच्या बाजूनं झिजलं असेल तर समोरनं बघून काय कळणार, भिंतीच्या मागच्या बाजूचा पोपडा अंगणातनं दिसत नाही.

म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, फक्त तेवढ्याच भागाचा, छोट्या फील्डचा. ह्याचा डोस छोट्या फील्डचा असला तरी ओपीजीच्या कितीतरी पट होऊ शकतो, म्हणून सरांनी आईला कारण सांगितलं, की ह्याच्या उत्तरावर आपण थांबायचं की लगेच काढायचं ते ठरणार आहे, तसं नसतं तर मी काढायला लावला नसता. सीबीसीटीत दिसलं की सुळ्याचं टोक २२ च्या मुळाला मागनं टेकलेलं आहे आणि तिथं मुळात एक उथळ खड्डा पडलाय, दाताच्या नसेपर्यंत पोचलेला नाही. थांबायचा प्रश्न संपला. माझं ७८ टक्के मी गुंडाळून ठेवलं.

प्लॅन ऐकायला सोपा, करायला किचकट. वरच्या दातांना तारा, २३ साठी जागा, मग छोटं ऑपरेशन करून दुधाचा सुळा काढायचा, टाळू उघडून सुळ्यावर बटन चिकटवायचं, त्याला बारीक चेन, आणि ओढायचं. पण ओढायचं कुठं? सरळ जागेकडं ओढला तर सुळा २२ च्या मुळाला घासत घासत येणार, आधीच खड्डा पडलेला. म्हणून आधी मागं, टाळूच्या मधल्या भागाकडं, दाढांना जोडणाऱ्या आडव्या तारेला एक हात काढून तिथनं, ५०-६० ग्रॅमच्या हलक्या ताणानं. मूळ मोकळं झालं की मग बाहेर वळवायचा. आणि २२ ला सुरुवातीला ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा, लावायचंच नाही, कारण त्याला सरळ करायच्या नादात त्याचं मूळ फिरून सुळ्याच्या डोक्यावर आदळेल, त्याला स्वतःहून बाजूला व्हायला मोकळीक ठेवायची. पोरीच्या वर्गात सगळ्यांनी विचारलं, ह्या एका दाताला का नाही लावलं, विसरले काय डॉक्टर?

ऑपरेशनच्या आधी आज्जीनं अडवलं. वरचा दात काढला की डोळा जातो म्हणत्यात. हे आमच्याकडं इतक्या वेळा ऐकायला येतं की मी आता वाद घालत नाही. दाताची नस आणि डोळ्याची नस वेगळी आहे हे सांगितलं, आणि मग माझ्या शेजारच्या किराणावाल्या मामांना बोलावलं, त्यांचे वरचे सगळे दात मीच काढलेत आणि ते अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतात. मामांनी येऊन कवळी काढून दाखवली. विषय संपला. सर्जन बेळगावहून आले, पाऊण तास लागला, आठवडाभर टाळू दुखली, भाताची पेज आणि ताक.

मधले महिने फार सांगण्यासारखे नाहीत. आषाढात दोन गुरुवार चुकले, लावणी सुरू आणि मलप्रभेला पाणी, "आली असती खरं पाऊस किती हाय बघा" असा फोन. हलका ताण असल्यामुळं काही बिघडलं नाही. एकदा गोकाकचं करदंट खाऊन दोन ब्रॅकेट पडले, पोरगी म्हणाली पाहुण्यांनी आणलं होतं, नाही कसं म्हणायचं. सहा महिन्यांनी २२ चा एक छोटा एक्स-रे, खड्डा वाढलेला नाही. गणपतीच्या सुमाराला सुळ्याचं टोक टाळूत दिसायला लागलं, पोरीनं आरशात बघून आईला हाक मारली. पुढच्या फेब्रुवारीत बटन काढून सुळ्यावरच ब्रॅकेट बसला, आणि त्याच दिवशी २२ ला पण, वर्गातल्या लोकांचं समाधान झालं.

तारा काढायच्या तीन-चार महिने आधी सरांनी शेवटची ओपीजी मागितली, मुळं कशी उभी आहेत आणि कुठलं मूळ आखूड झालंय का ते बघायला. पोरगी या वेळी घरातनंच कान मोकळे करून गेली. फिल्म चांगली होती, पण त्यावर २३ आणि त्याच्या मागच्या दाढेची मुळं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसत होती. मला वाटलं अजून सहा महिने गेले. सर हसले, म्हणाले ह्याच जागी ओपीजी सगळ्यात जास्त खोटं बोलते, सुळ्यापाशी जबडा वळतो आणि किरणं तिथं तिरपी पडतात, शिवाय सगळं २० ते ३० टक्के मोठं आणि तेही सगळीकडं सारखं नाही, म्हणून त्यावर पट्टी लावून मिलिमीटर मोजत बसायचं नसतं. तोंडात बोट घालून मुळांचे उंचवटे चाचपले, एक छोटा एक्स-रे घेतला, मध्ये नीट जागा होती.

एकूण २६ महिने. २३ जागेवर, त्याची हिरडी उजवीकडल्यापेक्षा अगदी किंचित वर आहे, हसताना मला दिसते, तिला दिसत नाही. २२ ला गार लावल्यावर कळतं, हलत नाही, खड्डा आहे तेवढाच आहे. मागनं बारीक तार कायमची चिकटवलेली आहे, ती तशीच ठेवायचीय आणि वर्षातनं एकदा दाखवायचंय. पहिल्या, वाया गेलेल्या ओपीजीची फिल्म मी मागून घेतली, नवीन असिस्टंट आली की तिला दाखवते आणि विचारते गाठ कुठं आहे सांग.

गेल्या महिन्यात आई परत आली, या वेळी धाकट्याला घेऊन. दहावं लागलंय. त्याला दात दुखत नव्हता, काही नव्हतं. खुर्चीत बसवायच्या आधीच तिनं त्याचा ओठ स्वतः वर केला आणि म्हणाली, "मॅडम, ह्याचा सुळा चाचपा जरा." उजवीकडं फुगवटा बोटाला लागला. डावीकडं अजून नाही, टाळूतही काही नाही. कार्डावर लिहिलं, तारीख घातली, सहा महिन्यांनी बोलावलंय. ओपीजी अजून सांगितलेली नाही.